धानाच्या शेतातला मासा

काशीयात्रा करून परतलेला मराठी माणूस पूर्वी गावात पाऊल टाकी तो हातात गंगेचा गडू घेऊन. तोंडाला डाख लावलेला तो तांब्याचा गडू देवघरात बसे, मग मावंदे होई, आणि पुढे कधीतरी घरातले कोणी अखेरच्या घटका मोजू लागले की तो गडू फोडून त्यातले दोन थेंब त्या मुखात घालीत. काशीशी महाराष्ट्राचे नाते हे असे पाण्याचे आहे. अहल्याबाई घाट, भोसले घाट, शिंदे घाट ही नावे म्हणजे त्या नात्याची दगडी साक्षच होय. घाटाच्या पायरीवर बसून माशांना कणकेच्या गोळ्या टाकण्याचे पुण्यही कित्येक पिढ्यांनी जोडले. परंतु ते मासे कोणते, त्यांना तिथले लोक काय म्हणतात, ते कोठे अंडी घालतात, असे विचारणारा यात्रेकरू विरळा. गंगेच्या पाण्याविषयी जितकी भक्ती होती तितके कुतूहल नव्हते.

गंगेच्या खोऱ्यातल्या एका माशाची ही हकीगत आहे. घाटाखालच्या खोल, वेगवान धारेत तो सहसा राहत नाही. काशीचा राजघाट सोडून गंगेचा पूल ओलांडला आणि पूर्वेची वाट धरली की चंदौलीचा मुलूख लागतो. १९९७ साली वाराणसी जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा त्या भागात ‘धानाचा कटोरा’ म्हणून ओळखला जातो. पावसाळ्यात भाताच्या खाचरांतून, पाटांतून, डबक्यांतून आणि ओढ्यांच्या संथ कडांतून जे उथळ पाणी साचते, तसल्या पाण्यात या माशाचे घर असते. लांबी जेमतेम दीड इंच. अंगावर डोक्याजवळून निघून शेपटीच्या टोकापर्यंत गेलेले निळे पट्टे आणि त्यांच्या मध्ये सोनेरी-रुपेरी झाक. खाण्यासाठी कोणी मुद्दाम पकडावा असा तो नाही, बाजारात त्याला भाव नाही, पुराणात त्याची कथा नाही. इंग्रजीत त्याला ‘झेब्रा मासा’ म्हणतात. वस्तुतः झेब्र्याचे पट्टे आडवे आणि याचे लांबीच्या दिशेने, पण एकदा रूढ झालेले नाव असल्या तपशिलासाठी थांबत नाही.

हा क्षुद्र मासा आज जगातल्या हजारो प्रयोगशाळांत वाढवला जातो. हृदयाचे विकार, कर्करोग, बहिरेपणा, स्नायूंचे दौर्बल्य, गर्भाची वाढ अशा नानाविध विषयांवरचे संशोधन त्याच्यावर होते. माणसावर जो प्रयोग करता येत नाही तो ज्याच्यावर करून माणसाविषयी काही निष्कर्ष काढता येतात, त्याला प्रातिनिधिक प्राणी म्हणता येईल. फळांवर बसणारी चिलटासारखी ड्रोसोफिला माशी, उंदीर, सूक्ष्म कृमी यांच्या पंक्तीत गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत हा मासा येऊन बसला. तो तेथे कसा पोहोचला, आणि जाताना मागे काय ठेवून गेला, हे पाहण्याजोगे आहे.

या माशाची शास्त्रीय जगाशी पहिली ओळख करून दिली ती एका सरकारी नोकराने. फ्रान्सिस बुकॅनन हा स्कॉटलंडचा डॉक्टर. त्याचा जन्म १७६२ सालचा. एडिंबरो येथे वैद्यकीय शिक्षण घेऊन १७९४ साली तो ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधील वैद्यकीय सेवेत शिरला. टिपूचा पाडाव झाल्यावर म्हैसूरच्या मुलखाची पाहणी करण्याचे काम १८०० साली त्याच्याकडे आले, आणि ते त्याने इतक्या चोखपणे केले की १८०७ साली बंगाल इलाख्याच्या पाहणीची जबाबदारीही त्याच्यावरच पडली. रंगपूर, दिनाजपूर, पूर्णिया, भागलपूर, पाटणा, शहाबाद, गोरखपूर अशा जिल्ह्यांतून तो सात वर्षे हिंडला. यांपैकी शहाबादचा मुलूख कर्मनाशा नदीपर्यंत येऊन भिडे आणि कर्मनाशेच्या अलीकडे काशीचा प्रदेश सुरू होई. ज्या नदीच्या स्पर्शाने केलेले पुण्य नष्ट होते अशी समजूत आहे, तिच्या काठापर्यंत हा माणूस वही आणि शिसपेन घेऊन आला होता.

कंपनी सरकारने त्याला दिलेली आज्ञापत्रिका वाचण्यासारखी आहे. जमीन, लोकवस्ती, शेती, व्यापार, कारागिरी यांची माहिती गोळा करावी असे तीत होतेच. शिवाय मुलखातील नैसर्गिक संपत्तीकडे लक्ष द्यावे आणि त्यात मासेमारीचा विचार प्रथम करावा, असेही होते. उद्देश अर्थातच महसुलाचा होता. कोणत्या पाण्यातून किती उत्पन्न निघते हे राज्यकर्त्यांना हवे होते. आज्ञेच्या अक्षराला धरून चालणारा अधिकारी रोहू आणि कटला यांची नोंद करून थांबला असता. बुकॅननने मात्र कोळ्यांच्या जाळ्यात जे जे आले ते ते पाहिले. ज्याला बाजार नव्हता तेही पाहिले, त्याचे पर मोजले, रंग लिहून ठेवले आणि स्थानिक चित्रकारांकडून चित्रे काढवून घेतली.

१८१५ साली तो मायदेशी निघाला तेव्हा ती चित्रे सरकारने, म्हणजे गव्हर्नर-जनरल लॉर्ड मॉयरा याने, ठेवून घेतली. ती सरकारी मालमत्ता आहे, असे कारण देण्यात आले. वर्षानुवर्षांच्या श्रमाचे फळ असे दप्तरात अडकलेले पाहून दुसरा कोणी खचला असता. बुकॅननने पुढे आईकडून आलेल्या मालमत्तेबरोबर हॅमिल्टन हे आडनाव घेतले, आणि याच नव्या नावाने १८२२ साली एडिंबरोहून ‘गंगा नदी व तिच्या शाखा यांतील मासे’ या विषयावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. अडीचशेहून अधिक जातींच्या माशांचे वर्णन असलेल्या या ग्रंथात कोसी नदीत सापडलेला एक चिमुकला मासाही होता. त्याचे नाव त्याने ‘सिप्रिनस रेरिओ’ असे ठेवले आणि त्याला ‘डॅनिओ’ नावाच्या गटात घातले.

या नावांची एक गंमत आहे. डॅनिओ हा शब्द बंगालीतल्या ‘धानी’, म्हणजे धानाच्या शेतातला, या शब्दावरून आला असे सांगतात. आपले कटला, मृगळ, रोहू आणि मागूर हेही हॅमिल्टनच्या ग्रंथात ‘कॅटला’, ‘म्रिगाला’, ‘रोहिता’ आणि ‘मागूर’ अशा रूपांनी शिरले व शास्त्राच्या लॅटिनमध्ये कायमचे बसले. ज्या कोळ्यांनी ही नावे सांगितली ते कोण होते, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. पण त्यांचा शब्द राहिला. जगातील कोणत्याही देशाचा प्राणिशास्त्रज्ञ या माशांचे नाव उच्चारतो तेव्हा तो नकळत गंगाकाठच्या एका अनाम कोळ्याची बोली बोलत असतो.

यानंतर शंभर-सव्वाशे वर्षे या माशाच्या आयुष्यात विशेष काही घडले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी हौशी लोकांनी त्याला युरोपात नेले. काचेच्या पेटीत तो शोभे, चपळपणे फिरे, मिळेल ते खाई आणि सहजी मरत नसे, म्हणून त्याची लोकप्रियता वाढली. १९३४ साली एका अमेरिकन नियतकालिकात, या माशाकडून वर्षभर हव्या त्या वेळी अंडी कशी मिळवावीत याविषयी लेख आला. १९५८ साली त्याच्या गर्भवाढीच्या पायऱ्यांचे व्यवस्थित वर्णन प्रसिद्ध झाले. तरीही तो दिवाणखान्यातला मासाच राहिला. त्याला प्रयोगशाळेच्या मध्यभागी आणून बसवणारा माणूस अजून यायचा होता.

तो माणूस म्हणजे जॉर्ज स्ट्रायझिंगर. १९२७ साली बुडापेस्ट येथे एका ज्यू कुटुंबात जन्मलेल्या या मुलाला नाझींच्या छायेमुळे आईवडिलांसह न्यूयॉर्क गाठावे लागले. लहानपणापासून त्याला बेडूक, सरडे, मासे यांचा नाद. पुढे जिवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूंच्या आनुवंशिकीत त्याने मोठे नाव मिळवले आणि १९६० साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या ऑरेगन विद्यापीठात तो दाखल झाला. विषाणूंचे काम यशाच्या शिखरावर असताना त्याने ते बाजूला ठेवण्याचे ठरवले. त्याला उत्तर हवे होते ते निराळ्याच प्रश्नाचे. पाठीचा कणा असलेल्या प्राण्याचा मेंदू आणि मज्जासंस्था जनुकांच्या हुकमाने कशी घडते, हा तो प्रश्न. त्यासाठी प्राणी असा हवा होता की जो लहान आहे, भरभर वाढतो, पुष्कळ पिले देतो आणि ज्याच्या गर्भाच्या आत पाहता येते. पाळीव माशांच्या दुकानात दोन-चार नाण्यांना मिळणारा झेब्रा मासा त्याने निवडला.

या निवडीमागचे शहाणपण समजावून घेण्यासारखे आहे. उंदराचा गर्भ आईच्या पोटात अंधारात वाढतो. तो पाहायचा तर आईला मारावे लागते. झेब्रा माशाची मादी एका वेळी शे-दोनशे अंडी पाण्यात सोडते आणि त्यांचे फलन शरीराबाहेर होते. अंडे काचेसारखे पारदर्शक असते. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ होताना साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसतात. एका दिवसात डोके, डोळे, कणा यांची ठेवण तयार होते व इवलेसे हृदय धडधडू लागते. दोन-तीन दिवसांत पिलू कवचाबाहेर पडते आणि तीन महिन्यांच्या आत ते स्वतः अंडी घालण्याजोगे होते. ज्ञानेश्वरीवरील निरूपणात जिवाची घडण ऐकावी, तसे येथे ती डोळ्यांनी पाहता येते, आणि पाहणाऱ्याला कोणाचे पोट फाडावे लागत नाही.

स्ट्रायझिंगरने सुमारे दहा वर्षे कोणताही गाजावाजा न करता या कामात घालवली. अतिनील किरणांनी निष्प्रभ केलेल्या शुक्रपेशींनी अंड्यांची वाढ सुरू करायची, आणि उष्णतेचा किंवा दाबाचा धक्का देऊन आईच्याच गुणसूत्रांची जोडी बनवायची, अशी युक्ती त्याने बसवली. तीमुळे आनुवंशिक दृष्ट्या हुबेहूब एकसारखे मासे निपजवता येऊ लागले. १९८१ साली ‘नेचर’ नियतकालिकात त्याचा हा निबंध आला. या कामात खूण म्हणून त्याने एक विशेष मासा वापरला होता. त्याचे पट्टे निळ्याऐवजी फिकट दिसत, म्हणून त्याला ‘गोल्डन’, म्हणजे सोनेरी, असे नाव मिळाले होते. हा सोनेरी मासा लक्षात ठेवावा, कारण तो पुढे पुन्हा भेटणार आहे. स्ट्रायझिंगर मात्र त्या भेटीला राहिला नाही. १९८४ साली समुद्रात पाणबुडीचा सराव करताना त्याचा अंत झाला. त्याचे वय तेव्हा अवघे ५६ वर्षांचे होते.

पण त्याच्या सहकाऱ्यांनी रोप वाळू दिले नाही. त्यांनी आपल्या युक्त्या आणि आपले मासे मागेल त्याला दिले. जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे क्रिस्टिआने न्युसलाइन-फोल्हार्ड या विदुषीने हे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. ड्रोसोफिला माशीवरील संशोधनासाठी १९९५ साली नोबेल पारितोषिक मिळालेल्या याच त्या बाई. अमेरिकेत बॉस्टन येथेही समांतर काम चालू होते. डिसेंबर १९९६ मध्ये ‘डेव्हलपमेंट’ या नियतकालिकाचा एक संबंध अंक या माशाला वाहिलेला निघाला आणि जनुकातील बिघाडामुळे वाढीत दोष आलेल्या हजाराहून अधिक माशांची माहिती एकदम जगापुढे आली. २००२ साली असे दिसले की या माशाच्या हृदयाचा सुमारे पाचवा भाग कापून काढला तरी दोन महिन्यांत तो नव्याने भरून येतो. माणसाच्या हृदयाला जे साधत नाही ते या दीड इंची जिवाला साधते. २०१३ साली त्याच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन प्रसिद्ध झाले, तेव्हा मानवाच्या जनुकांपैकी सुमारे ७० टक्के जनुकांचे भाऊबंद या माशात आहेत असे निष्पन्न झाले.

आता सोनेरी माशाकडे वळावे. त्याचे पट्टे फिके का, हे कोडे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या कीथ चेंग यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली उलगडले. ‘एसएलसी २४ ए ५’ अशा रुक्ष नावाच्या एका जनुकात बिघाड झाल्याने त्या माशाच्या रंगपेशींत काळे रंगद्रव्य नीट साचत नव्हते. संशोधकांनी मानवाच्या त्याच जनुकाचा संदेश माशाच्या गर्भात सोडला, तेव्हा पट्ट्यांना पुन्हा गडद रंग आला. मग प्रश्न साहजिक उभा राहिला की हेच जनुक माणसाच्या कातडीचा रंग ठरवते काय? उत्तर होकारार्थी आले. युरोपीय लोकांत या जनुकातले एकच अक्षर बदललेले असते, आणि युरोपीय व आफ्रिकी वंशाच्या लोकांमधील वर्णभेदाचा सुमारे २५ ते ३८ टक्के वाटा त्या एका बदलाकडे जातो. ज्या गोऱ्या-काळ्या भेदावर साम्राज्ये उभी राहिली, माणसे विकली गेली आणि आपल्याकडे मुली नाकारल्या गेल्या, त्याचा एक मोठा धागा धानाच्या शेतातल्या माशाच्या पट्ट्यातून हाती लागला.

आणि येथून ही हकीगत काशीकडे वळते. २०१३ साली भारतीय व युरोपीय संशोधकांच्या एका गटाने दाखवून दिले की दक्षिण आशियातील लोकांत आढळणारा हा उजळ वर्णाचा बदल आणि युरोपातील बदल हे दोन निरनिराळे अपघात नाहीत, दोन्हींचा उगम एकाच पूर्वजात आहे. याच मालिकेतला २०१७ सालचा अभ्यास तर गंगेच्या मध्य मैदानातील लोकांवरच झाला. याच जनुकातील एका स्थानाचा तेथील लोकांच्या वर्णाशी संबंध आहे, आणि जातीजातींतील बंदिस्त विवाहांचीही छाया वर्णावर पडली आहे, असे त्यातून दिसले. कोसीच्या पाण्यातून निघालेला मासा युरोपातून अमेरिकेत गेला, तेथे त्याने रंगाचे गुपित सांगितले, आणि ते गुपित घेऊन शास्त्रज्ञ पुन्हा त्याच मैदानातल्या माणसांच्या दारी आले. दोनशे वर्षांची ही प्रदक्षिणा होय.

या दोन्ही अभ्यासांच्या लेखकांत लालजी सिंह आणि ज्ञानेश्वर चौबे ही नावे आहेत. चौबे हे काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात प्राध्यापक झाले. लालजी सिंह यांचा तर पिंडच त्या विभागात घडला. काशीच्या शेजारच्या जौनपूर जिल्ह्यातील कलवारी या खेड्यात १९४७ साली एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मालवीयजींनी १९१६ साली स्थापन केलेल्या विश्वविद्यालयात ते शिकायला आले तेव्हा तेथे प्राध्यापक एस. पी. राय-चौधरी यांची गुणसूत्रांची प्रयोगशाळा होती. राय-चौधरी एडिंबरोला नोबेल पारितोषिक विजेते हर्मन म्युलर यांच्या हाताखाली शिकलेले. ज्या एडिंबरोहून हॅमिल्टनचा ग्रंथ निघाला, त्याच नगरीतून जनुकशास्त्राची ही विद्या काशीला आली, हा योगायोग खरा, पण सुखद आहे.

राय-चौधरींच्या या शिष्याने संशोधनासाठी निवडला तो साप. काशी म्हणजे नागकूप असलेली, नागपंचमीचा थाट मिरवणारी नगरी, तेव्हा सापाची पूजा नवी नव्हती, त्याची गुणसूत्रे मोजणे नवे होते. मानवात स्त्रीची दोन लिंग-गुणसूत्रे सारखी आणि पुरुषाची निरनिराळी असतात. सापात उलट आहे. तेथे नराची दोन्ही ‘झेड’ असतात आणि मादीचे एक ‘झेड’ व एक ‘डब्ल्यू’. अजगरासारख्या प्राचीन कुळांत ही दोन सारखीच दिसतात आणि विषारी सापांत ‘डब्ल्यू’ स्पष्ट वेगळे पडते, म्हणजे लिंगभेदाची ही व्यवस्था पायरीपायरीने कशी घडत गेली ते सापांच्या कुळांतून वाचता येते. १९७१ साली गुरुशिष्यांचा या विषयावरचा निबंध ‘क्रोमोसोमा’ या नियतकालिकात आला. पुढे लालजी सिंह यांनी एडिंबरोला जाऊन पट्टेरी मण्यार या सापाच्या मादीत आढळणारा एक खास जनुकीय अंश शोधला, आणि त्याच धाग्यावरून हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवविज्ञान केंद्रात व्यक्ती ओळखण्याची भारतीय पद्धत उभी केली. न्यायालयांत पितृत्वाचे व गुन्ह्यांचे कित्येक निवाडे तिच्या आधारे झाले. २०११ ते २०१४ या काळात ते आपल्याच विश्वविद्यालयाचे कुलगुरू होते, आणि २०१७ साली काशीतच त्यांचे निधन झाले.

सापाच्या या गोष्टीचे माशाशी नाते असे. झेब्रा माशात नर कोण आणि मादी कोण हे कशाने ठरते, हा प्रश्न प्रयोगशाळांना कित्येक वर्षे छळत होता. एकाच जोडप्याच्या पिलांत कधी नरच फार, कधी माद्याच फार. गुणसूत्रांत शोध घेतला तर एका प्रयोगशाळेला एक जागा सापडे, दुसरीला दुसरी. २०१४ साली याचे उत्तर मिळाले आणि ते काहीसे लाजिरवाणे होते. संशोधकांनी नेहमीच्या प्रयोगशाळेतल्या वाणांबरोबर, मूळ रानातल्या पाण्याशी अधिक जवळचे असे वाण तपासले. त्यांत पश्चिम बंगालमधील नदिया आणि कूचबिहार येथून आलेले मासे होते. या रानटी वाणांत चौथ्या गुणसूत्राच्या टोकाशी लिंग ठरवणारा भाग स्पष्ट आढळला. तेथेही सापासारखीच, मादीची दोन गुणसूत्रे भिन्न असण्याची व्यवस्था होती. मात्र जगभर ज्यांच्यावर हजारो निबंध लिहिले गेले त्या दोन प्रमुख वाणांत तो भाग काम करीनासा झालेला होता. पिढ्यान्‌पिढ्या काचेच्या पेट्यांत वाढवताना, मोजक्या जोड्यांतून वंश चालवताना, त्यांनी निसर्गाची एक मूलभूत व्यवस्था हरवली होती, आणि ती हरवली आहे हे कोणाच्या ध्यानातही आले नव्हते.

येथे या साऱ्या हकीगतीचे मर्म आहे. प्रयोगशाळेतला मासा म्हणजे मूळ ग्रंथाची एक प्रत. नक्कल करणाऱ्याच्या हातून ओळी गळतात, हे आपल्याकडच्या पोथ्या चाळणाऱ्याला सांगायला नको. गळलेली ओळ सापडते ती मूळ पोथीत. झेब्रा माशाची मूळ पोथी भारत, नेपाळ आणि बांगलादेश यांच्या उथळ पाण्यात आहे. जगातील सर्वांत सुसज्ज प्रयोगशाळेत जे उरले नाही ते खाचरात खेळणाऱ्या माशात शाबूत आहे.

पण पोथीलाही वाळवी लागते. पश्चिम बंगालच्या पाण्यातून पकडलेल्या झेब्रा माशांच्या वंशजांवर नॉर्वेतील संशोधकांनी सहा पिढ्या एक प्रयोग केला. अधिक उष्णता सोसणारे मासे निवडून त्यांचाच वंश वाढवला तर ही जात तापत्या जगाशी किती लवकर जुळवून घेईल, हे त्यांना पाहायचे होते. २०२० साली निष्कर्ष आला तो असा की एका पिढीमागे सोसण्याची वरची मर्यादा वाढते ती केवळ ०.०४ अंशाने. भाताच्या खाचरातले वीतभर पाणी वैशाखात किती तापते, हे चंदौलीच्या शेतकऱ्याला माहीत आहे. त्यातच रासायनिक कीटकनाशके, बुजवलेली डबकी, सिमेंटचे झालेले पाट. रोहू कमी झाला तर बाजारात ओरड होते. धानाच्या शेतातला मासा एखाद्या ओढ्यातून नाहीसा झाला तर ते कळणारसुद्धा कोणाला?

समाधानाची गोष्ट ही की आपल्याकडे या माशाकडे पाहणारे डोळे आता तयार झाले आहेत. २००९ साली दिल्लीच्या जनुकविज्ञान संस्थेने आसामात पकडलेल्या रानटी झेब्रा माशाचा संपूर्ण जनुकसंच वाचला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ट्यूबिंगेनहून परतलेल्या महेंद्र सोनवणे यांनी या माशाच्या गर्भावर त्वचेची घडण कशी होते, याचा अभ्यास उभा केला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतून २०२२ साली असा निष्कर्ष आला की एका विशिष्ट प्रथिनामुळे म्हाताऱ्या झेब्रा माशाच्या मणक्यांमधील झिजलेल्या चकत्या पुन्हा भरून येऊ शकतात. कंबरदुखीने बेजार झालेल्या माणसाला यापासून आज औषध मिळणार नाही, पण वाट कोणत्या दिशेने आहे ते कळले, हेही थोडे नव्हे.

हॅमिल्टनला मालकाने सांगितले होते उत्पन्न मोजायला. ज्याचे उत्पन्न शून्य होते त्या माशाचीही त्याने नोंद केली आणि नावाच्या जागी कोळ्याचा शब्द राहू दिला. त्या नोंदीचा उपयोग काय, असे त्याच्या हयातीत कोणी विचारले असते तर त्याला उत्तर देता आले नसते. १८२९ साली तो वारला. उत्तर यायला आणखी दीडशे वर्षे लागली, आणि ते आले तेव्हा त्यात माणसाचे हृदय, माणसाचा कणा आणि माणसाच्या कातडीचा रंग हे सारे होते. निरुपयोगी म्हणून नोंदीतून काही गाळू नये, हा धडा त्यात आहे. आपल्या गावच्या ओढ्यात कोणते मासे आहेत, त्यांना म्हातारी माणसे काय म्हणतात, पाणी किती दिवस टिकते, हे लिहून ठेवण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. एक वही लागते, आणि वाकून पाहण्याची सवय लागते.

काशीला जाणारे मराठी यात्रेकरू आजही गंगाजल घेऊन येतात. त्या भक्तीला कोणी नावे ठेवू नयेत. पण पुढच्या खेपेस राजघाटाच्या पुलावरून गाडी पूर्वेला निघेल, आणि पावसाळ्याचे दिवस असतील, तर खिडकीतून दिसणाऱ्या हिरव्या खाचरांकडे क्षणभर पाहावे. तसल्या उथळ, गढूळ पाण्यात अंगावर निळे पट्टे ओढलेला एखादा जीव फिरत असेल. जगातल्या पंडितांनी हरवलेली ओळ त्याला अजून तोंडपाठ आहे.